गोदावरीबाईच्या नावचा दावा

पोळा झाला आणि पाऊस जो गेला तो परत फिरकलाच नाही. धान गरभी आलं होतं, लोंब बाहेर पडायला थोडेच दिवस राहिले होते, आणि नेमकं तेव्हाच आभाळ कोरडं पडलं. करडी गावापलीकडच्या त्या खेड्यात बांध्यांना, धानाच्या वाफ्यांना, भेगा पडू लागल्या. गोदावरीबाई त्या दिवशी सकाळपासून आपल्या धुऱ्यावरचं, दोन शेतांमधल्या बांधावरचं, गवत कापत होती. तिच्या बांध्यांना पुतण्याच्या, धनंजयच्या, बोअरचं पाणी मिळत होतं, म्हणून तिचं धान हिरवं होतं. धुऱ्यापलीकडचं आनंदरावचं धान मात्र शेंड्याकडून पिवळं पडत चाललं होतं, आणि त्याच धानाच्या डोक्याशी आनंदरावची बोडी, त्याचं लहानसं तळं, काठोकाठ भरून उभी होती.

मातीची पार घालून वरच्या अंगाला अडवलेलं हे पाणी अशाच दिवसांसाठी असतं. पारीतलं तुडूम उघडलं की पाणी बांधीतून बांधीत उतरत जातं, दोन दिवसांत सगळं रान भिजतं. पण तुडूम उघडायचं नव्हतं. कोर्टाचा बेलिफ येऊन हुकूम देऊन गेला होता: पुढच्या तारखेपर्यंत बोडीच्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही. आणि तो हुकूम ज्या दाव्यात झाला, त्या दाव्यावर नाव होतं गोदावरीबाईचं.

आनंदराव पारीवर बसून होता. त्याची बायको बायजाबाई मात्र खाली उतरली आणि थेट धुऱ्याशी येऊन उभी राहिली. गोदावरीबाईनं मान वर केली नाही. तिचा विळा एकाच जागी फिरत राहिला.

"गोदाबाई, एकच गोष्ट पुसतो," बायजाबाई म्हणाली. "बोडी तुमची होय का?"

सगळ्या गावाला ठाऊक होतं ते गोदावरीबाईला ठाऊक नव्हतं असं नाही. या दोघी लग्न होऊन गावात आल्या तेव्हापासून याच धुऱ्याच्या अल्याड-पल्याड राबत होत्या. रोवणीच्या दिवसांत एकमेकींच्या बांधीत हात लावत, धानाच्या रोपांचे परे उरले तर एकमेकींना देत.

"मले का समजते बाई," ती शेवटी म्हणाली. "पोरानं केलं. पोरालेच पुसा."

बायजाबाई परत पारीवर जाऊन नवऱ्याशेजारी बसली. गोदावरीबाईला वाटलं, ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

पोरानं केलं हे खोटं नव्हतं, पण ते अर्धंच खरं होतं.

गोदावरीबाईचा नवरा हिरालाल जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती पोरगी रीता आंधळगावला दिलेली. शेत धनंजय वाहत होता, हिरालालच्या धाकट्या भावाचा मुलगा. ट्रॅक्टर त्याचा, बोअर त्याचं, मजूर त्याचे, आणि मळणी झाली की हिच्या वाट्याची पोती तोच आणून टाकत असे. वाईट वागवत नव्हता. दुखलं-खुपलं तर दवाखान्यात नेत असे. पण त्याच्या आवाजात एक चढ असा होता की तो ऐकला की गोदावरीबाईचं बोलणं आपोआप खाली बसायचं.

धनंजयला रस्त्यालगत गोदाम बांधायचं होतं आणि आनंदरावचं शेत नेमकं रस्त्याला लागून होतं. त्यानं दोनदा विचारलं, आनंदरावनं दोन्ही वेळा नाही म्हटलं. बापानं मजुरी करून घेतलेली जमीन, ती विकायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं. त्यानंतर धनंजय गोदावरीबाईला मोहाडीला घेऊन गेला. निराधारच्या पगाराचं काम आहे म्हणाला, आणि नेलं वकिलाच्या ऑफिसात.

वकिलानं दावा वाचून दाखवला. अर्धी बोडी हिरालालच्या वडिलांच्या काळापासून गोदावरीबाईच्या कब्जात आहे, आनंदराव दांडगाईनं पाणी घेतो, तरी त्याला मनाई करावी. ऐकताऐकता हे खोटं आहे हे गोदावरीबाईला कळलं. कारण याच बोडीवरून हिरालाल आणि आनंदरावचा बाप याच मोहाडीच्या कोर्टात भांडले होते, आणि भांडून भांडून दमल्यावर दोघांनी जजसमोर समझोता केला होता. बोडी आनंदरावच्या बापाची, हिरालालचा हक्क नाही. सही करताना गोदावरीबाई नवऱ्याच्या बाजूला उभी होती. बाहेर आल्यावर दोन्ही घरच्या माणसांनी एकाच टपरीवर चहा घेतला होता.

हे तिनं धनंजयला तिथंच, वकिलासमोर, सांगितलं. वकिलानं खिडकीबाहेर पाहिलं. धनंजय हसून म्हणाला, इतकी जुनी गोष्ट आता कोण उकरून पाहतो. ती तरी अडून बसली, तसा तो तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. हळू आवाजात म्हणाला, "मोठीमाय, मी उद्यापासून तुया वावरात पाय नाही टाकला, तर तुयं कोन करन? सांग बरं."

तिनं आत जाऊन सही केली. हिरालालनं शिकवलेली, एकेक अक्षर सुटं काढलेली ती सही. दाव्यावर केली, शपथपत्रावर केली, स्टेच्या अर्जावर केली.

स्टे मिळाला, आणि आनंदरावचं धान भरल्या बोडीखाली वाळून गेलं. तारखेवर तारीख पडली. पाऊस पुन्हा आला तेव्हा लोंब दाण्याविना पोचे निघाले होते. दिवाळीच्या सुमाराला आनंदरावनं त्या धानात गुरं सोडली. गोदावरीबाईनं हे आपल्या अंगणातून पाहिलं आणि त्या दिवशी तिला घास गिळवला नाही.

भीती मात्र खरी पुढंच होती.

आनंदरावनं तृप्ती नावाची एक तरुण वकील केली होती. तिनं फार गाजावाजा केला नाही. जुन्या समझोत्याच्या हुकुमाची नक्कल काढली आणि कोर्टात अर्ज टाकला: हा वाद याच कोर्टात कधीचा मिटलेला आहे, ती गोष्ट लपवून दावा केला आहे, तरी दावा चालवूच नये, इथंच फेटाळावा, आणि खोटा दावा करून त्रास दिला म्हणून दावा करणारीवर खर्च बसवावा. शपथेवर खोटं लिहून दिलं, त्याचीही कोर्टानं दखल घ्यावी.

धनंजयच्या वकिलानं हे दोघांना समोर बसवून सांगितलं. या वेळी तो खिडकीबाहेर पाहत नव्हता. म्हणाला, जजनं वादीला जातीनं हजर राहायला सांगितलं आहे. गोदावरीबाईनं विचारलं, वादी कोण? वकील म्हणाला, "तुम्ही."

खोट्या शपथपत्राचं काय होतं, हेही तिनं विचारलं. वकिलानं आधी टाळलं, मग म्हणाला की मनावर घेतलं तर कोर्ट फौजदारी करू शकतं. शिक्षा आहे त्याला. होतंच असं नाही, पण आहे.

धनंजय तिला घेऊन गाडीनं परत निघाला. गाव जवळ आलं तेव्हा त्यानं तिला काय बोलायचं ते शिकवलं. जजनं विचारलं तर म्हणायचं, मला समझोत्याचं काही मालूम नाही, नवऱ्यानं मला कधी सांगितलं नाही, मी अडाणी बाई आहे. एवढंच, याच्या पुढं एक शब्द नाही.

"आन् तुयं नाव?" तिनं विचारलं.

"मायं नाव कुठीच नाही त्याच्यात," तो म्हणाला. "सही तुयी हाये."

त्यानंतर तारीख येईपर्यंत गोदावरीबाई जागेपणीच जळत राहिली. फाटकाशी मोटारसायकल थांबली की तिला वाटायचं पोलीस आले. टपालवाला दिसला की ती मागच्या दारानं गोठ्यात जायची. खर्च किती बसेल, घर लिहून घेतील का, बांध्यांचा लिलाव होईल का, हे कोणाला विचारावं तेही तिला कळेना. विचारायला माणूस होतं ते एकच, धनंजय, आणि सगळ्यात जास्त धाक होता तो त्याचाच. खोटं बोललं तर जेल, खरं बोललं तर धनंजय. भांडी घासताना तिच्या तोंडातून ते शिकवलेले शब्द आपोआप निघत. मला मालूम नाही, नवऱ्यानं सांगितलं नाही. मग तिला हिरालालचा चेहरा आठवे, आणि आपण मेलेल्या माणसावरही आळ घेत आहोत हे जाणवून हातातलं भांडं तसंच राही.

शेवटी ती आंधळगावला लेकीकडे गेली. रीताच्या नवऱ्यानं कोर्टाच्या तारखेचं सगळं ऐकून घेतलं आणि उठून बाहेर गेला. धनंजयशी त्याचा धानाचा व्यवहार होता. रीता चुलीशी बसून राहिली. मग तिनं विचारलं, माय, बोडी खरंच कोणाची? गोदावरीबाईनं सांगितलं. वकिलाच्या ऑफिसानंतर कोणासमोर तरी ते पहिल्यांदाच सांगितलं, आणि सांगताना तिला रडू फुटलं.

रीतानं तिला उगी केलं नाही. "मी येतो तुयासंग कोर्टात," ती म्हणाली. "पन का बोलाचं थे तू ठरव माय. मी सांगीन तं उद्या तू म्हनशीन, रीतानं केलं."

हे गोदावरीबाईला फार लागलं. पण परतीच्या एसटीत तेच एक वाक्य तिच्या मनात फिरत राहिलं.

तारखेच्या दिवशी धनंजयनं तिला गाडीतून नेलं. वाटेत दोनदा शब्द म्हणवून घेतले. तिनं म्हटले. कोर्टाच्या व्हरांड्यात रीता आधीच येऊन थांबलेली होती. धनंजयला ते आवडलं नाही. समोरच्या बाकावर आनंदराव आणि बायजाबाई बसलेले. आनंदरावच्या अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता. बायजाबाईनं एकदा इकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. गोदावरीबाईला लघवीला लागल्यासारखं होत होतं, पण आपण उठलो आणि तेवढ्यात पुकारा झाला तर, या धास्तीनं ती हलली नाही.

पुकारा झाला. "गोदावरीबाई हिरालाल मोहतुरे." आपलं नाव तिनं एवढ्या मोठ्यानं कधी ऐकलं नव्हतं.

आत आधी वकील बोलले. तृप्तीनं जुन्या हुकुमाची नक्कल पुढे ठेवली. धनंजयचा वकील म्हणाला, वादी वृद्ध आहे, विधवा आहे, तिला या समझोत्याची कल्पना नव्हती. जज मध्यमवयाचे, चष्म्याचे, आवाज शांत. त्यांनी गोदावरीबाईला पुढे बोलावलं. तिनं कठड्याला धरलं.

जजनी विचारलं, "बाई, तुमच्या पतीनं आणि यांच्या वडिलांनी या कोर्टात समझोता केला होता. तुम्हाला माहीत होतं का?"

मागच्या बाकावर धनंजय खाकरला. ती खाकर तिला ओळखू आली. शेतात, अंगणात, गाडीत, कुठंही तो असा खाकरला की तिनं गप्प व्हायचं असे. शिकवलेले शब्द तिच्या जिभेवर आले. मला मालूम नाही. एवढंच म्हणायचं होतं.

"मालूम होतं जी," ती म्हणाली.

तिच्या वकिलानं चटकन तिच्याकडे पाहिलं. जजनी हातानंच त्याला थांबवलं.

"मी उभी होती तिथंच. याच कोर्टात. माया नवऱ्यानं सही केली, मी पाहली. बोडी आनंदरावचीच हाये. आमची नव्हतीच कधी."

"मग शपथेवर खोटं का लिहून दिलंत?"

"भेवानं जी. पुतन्यानं म्हटलं सही कर. वावर तोच वाहते. मी भेली." आणि मग कोणी विचारलं नसताना ती म्हणाली, "याहिचं धान वाळलं. भरल्या बोडीखाली वाळलं. थे मी रोज पाहत होतो."

तिनं मागं वळून पाहिलं तेव्हा धनंजयचा बाक रिकामा होता.

जजनी हुकूम सांगितला तो तिला अर्धाच कळला. बाकीचा रीतानं नंतर समजावला. दावा फेटाळला. स्टे उठला. खोटा दावा केला म्हणून गोदावरीबाईनं आनंदरावला तीन हजार रुपये द्यायचे. तृप्ती उठून म्हणाली, की तिच्या पक्षकाराचं अख्खं पीक गेलं आहे, तीन हजारानं काय भरून येणार. जज म्हणाले, या कलमाखाली कायद्यानं मला एवढंच देता येतं, याच्या वर जाता येत नाही. नुकसानीसाठी वेगळा मार्ग आहे. मग त्यांनी गोदावरीबाईकडे पाहिलं. "बाई, पुतण्याचं नाव तुम्ही घेतलंत, पण कागदावर सही तुमची आहे. म्हणून खर्च तुमच्यावर. शपथपत्राचं प्रकरण मी पुढं नेत नाही, कारण तुम्ही इथं येऊन खरं बोललात. पुन्हा कोणाच्याही सांगण्यावरून सही करू नका."

जेल होणार नाही एवढं तिला कळलं आणि ती तिथंच खाली बसली. शिपायानं पाणी आणून दिलं.

धनंजय गाडी घेऊन निघून गेलेला होता. मायलेकी एसटीनं परतल्या.

तीन हजार तिनं आपल्या वाट्याचं धान विकून उभे केले. ते घेऊन ती एकटीच आनंदरावच्या घरी गेली. विहाराच्या बाजूला त्याचं घर. पायरीशी तिचं पाऊल अडखळलं, तेव्हा आतून आनंदरावच म्हणाला, या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली खुर्ची. तिनं खुर्ची घेतली नाही, खालीच बसली. पैसे पुढे ठेवले. मनात तिनं धरलं होतं की आनंदराव म्हणेल, राहू द्या.

आनंदरावनं नोटा उचलल्या आणि खिशात ठेवल्या. कोर्टाचा हुकूम आहे, पैसे घ्यायलाच हवेत, म्हणाला. पावती लिहून दिली.

"मले माफ करा," गोदावरीबाई म्हणाली.

बायजाबाई चुलीकडून बोलली. "तीन हजारात दावा खोटा होता एवढं ठरलं, गोदाबाई. आमचं धान नाही आलं वापस. माफीचं मले नोका पुसू आताच. मले नाही होत थे."

गोदावरीबाईनं मान हलवली. पावती पदराला बांधून ती घरी आली. वाटेत तिला वाटलं, बायजाबाईनं खोटं बोलून बरं वाटवलं नाही, तेच ठीक झालं.

धनंजयनं आपला शब्द पाळला. त्या दिवसापासून तो तिच्या अंगणात आला नाही. बोअरचा पाइप त्यानं उखडून नेला. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांना काय सांगितलं कोण जाणे, जो तो तिला आज नाही, उद्या, म्हणू लागला. चौकातून जाताना त्याची मोटारसायकल तिच्या अगदी अंगावरून जायची. भीती गेली नव्हती. दार लावल्यावर आताही ती दोनदा कडी ओढून पाहायची.

जेठ लागला. पावसाआधी धुरे बांधून घ्यायचे असतात, नाहीतर बांधीत पाणी थांबत नाही. मजूर कोणी येईना, तेव्हा एका सकाळी गोदावरीबाई फावडं घेऊन स्वतःच वावरात गेली. ऊन लवकरच तापलं. माती दगडासारखी झालेली. फावडं मारलं की टणकन आवाज व्हायचा आणि ढेकूळ जरासंच सुटायचं. थोड्या वेळानं तिला मोटारसायकलचा आवाज ऐकू आला. रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, धनंजय गाडी उभी करून बसला होता. नुसता बघत होता.

तिच्या हातातलं फावडं जड झालं. ते टाकून घरी जावं असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात धुऱ्यापलीकडून बायजाबाई आली. तिच्या हातात काहीच नव्हतं. तिनं रस्त्याकडे पाहिलं, मग गोदावरीबाईकडे.

"एकटीनं होते का?" तिनं विचारलं.

"नाही होत," गोदावरीबाई म्हणाली.

बायजाबाईनं फावडं घेतलं नाही, मातीला हात लावला नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढला, रस्त्यावरच्या धनंजयकडे तोंड करून ती धुऱ्यावर उन्हातच बसली, आणि बसूनच राहिली. गोदावरीबाईनं पुन्हा फावडं उचललं. एक ढेकूळ, मग दुसरं.

दुपार टळताना रस्त्यावर धनंजयनं गाडीला किक मारल्याचा आवाज आला. गाडी लांब जाऊन आवाज बंद झाला, तरी बायजाबाई लगेच उठली नाही. थोडा वेळ आणखी बसली, मग अंग झाडून आपल्या वावराकडे गेली.